कुऱ्हाडीचा दांडा

सटाण्याहून पश्चिमेकडे निघालेल्या वाटसरूनें ताहराबाद व मुल्हेर मागें टाकलें, कीं साल्हेरचा डोंगर त्याच्या दृष्टीस पडूं लागतो. सुमारें १,५६७ मीटर, म्हणजे पांच हजार फुटांहून अधिक उंचीचा हा दुर्ग महाराष्ट्रांतील सर्व किल्ल्यांत उंच आहे. इतिहासाच्या वाचकांस तो माहीत असतो तो १६७२ सालच्या लढाईमुळें. मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनीं मोगलांच्या मोठ्या फौजेस येथें उघड्या मैदानावर नामोहरम केलें. २०२५ सालीं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला, त्यांत साल्हेरही आहे. परंतु बागलाणांतील शेतकऱ्यास आणि डोंगरांतील कोकणा-भिल्लांस साल्हेर ठाऊक आहे तो याहून जुन्या नात्यानें. गडाच्या अगदीं टोंकावर परशुरामाचें लहानसें देऊळ आहे. जिंकलेली सारी पृथ्वी दान देऊन टाकल्यावर परशुरामानें येथें तप केलें, आणि येथूनच बाण सोडून समुद्रास मागें हटविलें, अशी कथा या भागांत सांगतात.

परशु धारण करणारा तो परशुराम. ज्याचें नांवच हत्यारावरून पडलें असा दुसरा अवतार नाहीं. हाच परशु दर वर्षीं भाद्रपदांत शहरांतील घराघरांतून पाटावर येतो, कारण गणपतीच्या हातांतही तो असतो. आणि त्याच गणपतीचा एक दांत परशुरामाच्या परशूनें तुटला, अशी ब्रह्मांडपुराणांत कथा आहे. परशूची धार किती तीक्ष्ण होती, त्यानें काय काय तोडलें, याचीं वर्णनें पुराणांत पुष्कळ आढळतात. परंतु त्या परशूचा दांडा कोणत्या लाकडाचा होता, आणि तो पात्यांत कसा पक्का केलेला होता, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः परशूचा सारा प्रताप त्या सांध्यावर अवलंबून आहे. पातें कितीही पाणीदार असलें तरी तें ऐन घावाच्या वेळीं दांड्यावरून निसटलें, तर शत्रु वांचतो आणि शेजारी मरतो.

इतिहासाकडून ही जी उपेक्षा झाली, तिचें कारण साधें आहे. दगड टिकतो, तांबें टिकतें, लोखंड गंजूनही कांहीं अंशीं टिकतें. परंतु लाकूड कुजतें. वाळवी व ओल यांनीं हजारों वर्षांचे दांडे खाऊन टाकले, आणि वस्तुसंग्रहालयांच्या कपाटांत उरलीं तीं नुसतीं पातीं. म्हणून दांड्याचा इतिहास वाचावयाचा, तर तो पात्याच्या आकारावरूनच वाचावा लागतो.

पहिला टप्पा दगडी कुऱ्हाडीचा. घांसून गुळगुळीत केलेली दगडी कुऱ्हाड एका बाजूस निमुळती व दुसऱ्या बाजूस धारेची असे. दगडास भोंक पाडणें फार कष्टाचें. म्हणून बहुधा भोंक किंवा चीर लाकडांत पाडीत, आणि दगड तींत घालून चामड्याच्या वादीनें आवळीत. म्हणजे येथें लाकूड दगडास धरीत असे. या रचनेंत एक गुण होता व एक दोष होता. गुण असा, कीं प्रत्येक घावागणिक दगड लाकडांत अधिकच रुतून बसे. दोष असा, कीं तोच दगड पाचरीसारखा होऊन अखेरीस दांडा उभा चिरून टाकी.

दुसरा टप्पा तांब्याचा. संगमनेरजवळील जोर्वे या गांवीं डॉ. हसमुख सांकळिया व डॉ. शांताराम देव यांनीं १९५०-५१ मध्यें जें उत्खनन केलें, त्या ठिकाणाहून तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी हातीं आल्या. त्याच मोहिमेंत नाशिकलाही उत्खनन झालें. जोर्वे संस्कृतीचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें १४०० ते ७०० असा मानतात. या कुऱ्हाडी पाहणाऱ्याच्या प्रथमच लक्षांत येतें तें हें, कीं त्यांस दांड्यासाठीं भोंक मुळींच नाहीं. धातु नवा आला, ओतण्याची कला आली, परंतु सांध्याची कल्पना दगडाच्या काळचीच राहिली. तांब्याचा चपटा तुकडा लाकडाच्या चिरेंत बसवून बांधावयाचा, हीच रीत. मोहेंजोदडोसारख्या मोठ्या नगरांतही बहुतेक कुऱ्हाडी अशाच चपट्या आहेत. एका बाजूस कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूस वाकस आणि मध्यें दांड्यासाठीं भोंक, असें एक हत्यार तेथें सांपडलें, तें अगदीं वरच्या, म्हणजे उतरत्या काळच्या थरांत. पश्चिम आशियांतील कारागीर मात्र भोंकाच्या कुऱ्हाडी त्याच्या पुष्कळ आधींपासून ओतीत होते.

तिसरा टप्पा विदर्भांतील आहे आणि तो मोठा मनोवेधक आहे. नागपूरच्या परिसरांत माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड या ठिकाणीं दगडी वर्तुळांच्या आंत जीं दफनें आहेत, त्यांतून इसवी सनापूर्वींच्या पहिल्या सहस्रकांतील लोखंडी वस्तु विपुल मिळाल्या. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीही उघडकीस आली. या वस्तूंत चपट्या लोखंडी कुऱ्हाडी आहेत, आणि त्यांतील कित्येकींवर लोखंडाच्याच पट्ट्यांचीं, एकमेकींस छेदून गेलेलीं कडीं अद्याप चिकटलेलीं आहेत. त्या कड्यांनीं पातें व दांडा यांस एकत्र आवळून धरलेलें असे. दांडा कुजून गेला, परंतु त्याला धरणारी पकड मागें राहिली. चामड्याची वादी सैल पडते, उन्हानें वाळते, पावसानें फुगते, हें ओळखून त्या अनामिक लोहारानें वादीच लोखंडाची केली! शेजाऱ्याच्या जिवाची काळजी करणारा मनुष्य त्या काळींही होता, याचा हा पुरावा होय.

यानंतर रूढ झाली ती आजची रचना. पात्याच्या जाड भागांत आरपार भोंक, ज्यास नेढें म्हणतात. नेढ्यांत दांडा, आणि दांड्याच्या माथ्यांत पाचर. येथें नातें उलट झालें. पूर्वीं लाकूड धातूला धरीत होतें; आतां धातु लाकडाला धरूं लागला. त्यामुळें दांडा चिरण्याची भीति गेली, पण तिच्या जागीं दुसरी आली. कुऱ्हाड फिरविली कीं पातें बाहेरच्या दिशेस ओढ घेतें, आणि त्याला अडविणारें असतें तें केवळ लाकडाचें लोखंडावरील घर्षण. टिकावाची गोष्ट निराळी. त्याचा दांडा वरून घालतात आणि तो वरच्या टोंकास जाड असतो. म्हणून टिकावाचें पातें जितकें बाहेर ओढ घेईल तितकें घट्टच होतें. कुऱ्हाडीचा दांडा खालून घातला म्हणजे ही सोय उरत नाहीं. तेथें पाचर हाच आधार.

हा धोका मानवजातीला किती जुन्या काळापासून ठाऊक आहे, याचें एक प्रमाण यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रांत आहे. बायबलाच्या जुन्या करारांत ‘अनुवाद’ नांवाचा भाग आहे. त्याच्या एकोणिसाव्या अध्यायांत असा प्रसंग कल्पिला आहे, कीं एक मनुष्य शेजाऱ्यासह रानांत लाकडें तोडावयास गेला, त्यानें कुऱ्हाड उगारली, लोखंड दांड्यावरून निसटलें आणि शेजाऱ्याचा प्राण गेला. मनांत वैर नसतां हातून घडलेल्या अशा मृत्यूसाठीं त्या मनुष्यास नेमलेल्या नगरांत आश्रय द्यावा, सूड घेणाऱ्याच्या हातीं त्याला पडूं देऊं नये, असें तें शास्त्र सांगतें. खून व अपघात यांतील भेद दाखविण्यासाठीं त्या धर्मशास्त्रकाराला निसटलेल्या कुऱ्हाडीहून अधिक परिचित उदाहरण आढळलें नाहीं. यावरून अशा घटना किती नित्याच्या असतील, हें उघड होतें.

आतां दुधारी कुऱ्हाडीकडे वळूं. महाराष्ट्रांतील नेहमीची कुऱ्हाड एकाच बाजूस धारेची. देवतांच्या हातांतील परशुही बहुधा तसाच कोरलेला असतो, आणि मराठ्यांच्या शस्त्रांतील फरशी त्याच घराण्यांतली. दोन्ही बाजूंस पातें असलेल्या परशूचें मोठें माहेर म्हणजे भूमध्य समुद्रांतील क्रीट बेट. तेथें नोसोस येथें आर्थर इव्हान्स यांनीं १९०० सालीं उत्खननास आरंभ केला, तेव्हां राजवाड्याच्या दगडांवर दुहेरी परशूचें चिन्ह ठिकठिकाणीं कोरलेलें दिसलें. पुढें १९३४ मध्यें आर्कालोखोरी येथील गुहेंत सोन्याचे लहान लहान दुहेरी परशु सांपडले. ते इतके नाजूक, कीं लाकडावर चालविण्यासाठीं नव्हेत, देवास वाहण्यासाठींच केलेले. आपल्याकडे ओरिसांतील मयूरभंज भागांत भागरापीर येथें दुहेरी परशूच्या आकाराचे तांब्याचे पातळ पत्रे मिळाले आहेत. तेही तोडणीच्या कामाचे नाहींत. ग्रीक भाषेंत परशूला पेलेकुस म्हणत, आणि संस्कृत परशु व ग्रीक पेलेकुस हे शब्द एकाच मुळाचे, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात.

देव्हाऱ्यांतील हें दुहेरी हत्यार कष्टकऱ्याच्या हातांत पुन्हां आलें तें अमेरिकेच्या अरण्यांत. कॉलिन्स बंधूंनीं १८२६ मध्यें कनेक्टिकट संस्थानांत कुऱ्हाडींचा कारखाना काढला, आणि पुढें अशा कारखान्यांतून घडलेल्या कुऱ्हाडी दूरदूरच्या देशांत जाऊं लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तेथील लांकूडतोड्यांत दुधारी कुऱ्हाड लोकप्रिय झाली. तिचें कारण व्यवहाराचें होतें. एक पातें पातळ धारेचें ठेवावयाचें, तें स्वच्छ लाकूड तोडण्यास. दुसरें जरा जाड धारेचें, तें गांठी व फांद्या यांवर आणि जमिनीलगतच्या मातकट बुंध्यावर चालविण्यास. धार लावण्याच्या दगडापर्यंतच्या खेपा त्यामुळें निम्म्या होत. मात्र हिला माथा नाहीं. म्हणून हिनें खुंटा ठोकतां येत नाहीं, आणि घाव घालतांना एक धार सदैव तोडणाऱ्याच्याच दिशेस असते. एकधारी कुऱ्हाड ढिली असणें हा प्रमाद म्हटला, तर दुधारी कुऱ्हाड ढिली असणें हें पाप म्हणावें लागेल.

अशी एखादी जुनी दुधारी कुऱ्हाड कोणास जुन्या बाजारांत किंवा वडिलार्जित सामानांत लाभली, तर तिला दांडा कसा बसवावा, हें जाणत्यांनीं ठरवून ठेवलें आहे. प्रथम नेढ्यांतील जुनें लाकूड ठोकून अथवा गिरमिटानें पोखरून काढावें. तें जाळून काढण्याचा मोह धरूं नये. पात्याला उष्णता लागून धारेवर निळसर झांक आली, कीं तिचें पाणी उतरलें म्हणून समजावें. नंतर गंज घांसून काढून पातें दोरीनें टांगावें व हलकें वाजवून पहावें. नाद स्वच्छ आला तर ठीक, बद्द आला तर कोठें तरी चीर आहे काय तें शोधावें.

दांडा सरळच पाहिजे. एकधारी कुऱ्हाडीचा दांडा बांकदार असला तरी चालतो. परंतु दुधारी कुऱ्हाड हातांत उलटीसुलटी फिरवावयाची असल्यानें तिच्या दांड्यास बांक असून उपयोगी नाहीं. लाकूड चिवट हवें, नुसतें कठीण नको. अमेरिकेंत हिकरी वापरीत. आपल्या रानांत धावडा, धामण व तिवस हीं लाकडें अशा कामासाठीं नांवाजलेलीं आहेत. सागाचें लाकूड दारांना उत्तम, परंतु घाव सोसण्याचा त्याचा धर्म नव्हे. लाकडाचे तंतु एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अखंड गेलेले असावेत, व दांड्याच्या कापलेल्या टोंकावर दिसणाऱ्या वाढीच्या रेघा पात्यांच्या रोंखानेंच धांवणाऱ्या असाव्यात. गांठ नसावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे लाकूड पूर्ण सुकलेलें असावें. ओलें लाकूड आज घट्ट बसतें आणि उन्हाळ्यांत दगा देतें.

नेढें लांबट असतें. त्याच्या लांबीच्याच दिशेनें दांड्याच्या माथ्यांत करवतीनें खांच पाडावी, व ती नेढ्याच्या उंचीच्या सुमारें दोन तृतीयांश खोल असावी. मग माथा थोडा थोडा तासून नेढ्यांत घालून पहावा. नेढ्याच्या आंत काजळी लावली तर दांडा जेथें टेकतो तेथें काळा डाग उमटतो. तेवढाच भाग कानशीनें घांसावा, आणि पुन्हां घालून पहावा. हें काम दहा वेळां करावें लागलें तरी कंटाळूं नये. एकदां जास्त तासलेलें लाकूड परत येत नाहीं.

बसविण्याची युक्ति मोठी सुंदर आहे. पातें दगडावर टेकवून दांडा आंत ठोकावा, असें नवशिक्यास वाटतें. जाणता तसें करीत नाहीं. तो दांडा मधोमध धरून पातें खालच्या बाजूस लोंबतें ठेवतो, आणि दांड्याच्या वरच्या मोकळ्या टोंकावर लाकडी हातोड्यानें ठोके देतो. पातें जड, त्यामुळें तें जागचें हलूं पाहत नाहीं. दांडा मात्र प्रत्येक ठोक्यासरशी खालीं सरकून नेढ्यांत घुसत जातो. ठोक्याठोक्यागणिक तपासावें. दांड्याचें टोंक डोळ्याजवळ धरून पाहिलें असतां दोन्ही धारा आणि दांड्याचा मध्य एकाच रेषेंत दिसले पाहिजेत; आणि दांड्याच्या टोंकापासून दोन्ही धारांच्या मध्यापर्यंतचें अंतर दोरीनें मोजलें असतां सारखें भरलें पाहिजे. दोहोंत फरक पडला, तर एका बाजूचा घाव नेमका बसेल आणि दुसऱ्या बाजूचा सदैव चुकेल.

अखेरीस पाचर. ती लाकडाचीच, नेढ्याइतकी लांब, पातळ व हळूहळू जाड होत गेलेली असावी. ती खांचेंत सरळ ठोकावी. आवाज बदलून ठणठणीत झाला कीं थांबावें. दांड्याचें टोंक नेढ्याच्या वर दोराभर उरूं द्यावें, म्हणजे पाचरीनें फांकलेलें लाकूड लोखंडाच्या कांठावर पसरून बसतें. त्यानंतर दांड्यास, विशेषतः त्या उघड्या टोंकास, जवसाचें तेल पुष्कळ पाजावें.

ढिली कुऱ्हाड रात्रभर पाण्यांत बुडवून घट्ट करण्याची चाल खेडोपाडीं फार आहे. तिच्याविषयीं येथें स्पष्ट बोललें पाहिजे. पाण्यानें लाकूड फुगतें हें खरें. परंतु त्याच्या सभोंवतीं लोखंड असल्यानें फुगण्यास जागा नसते, म्हणून त्याचे तंतु आंतल्या आंत चिरडतात. पाणी सुकलें कीं तोच दांडा पूर्वींपेक्षांही बारीक होतो. म्हणजे आजची घट्टाई उद्यांच्या ढिलेपणाचें कर्ज काढून आणलेली असते. बागलाणासारख्या प्रदेशांत, जेथें श्रावणांतील दमट हवा व वैशाखांतील कोरडें ऊन यांत एवढें अंतर आहे, तेथें हें कर्ज फार लवकर फेडावें लागतें.

जुन्या गांवगाड्यांत पातें लोहारानें घडवावयाचें, लाकूडकाम सुतारानें करावयाचें, आणि दोघांनींही बलुत्याचें धान्य शेतकऱ्याच्या खळ्यावरून न्यावयाचें, अशी वांटणी होती. कुऱ्हाड ही या दोन बलुतेदारांच्या सीमेवरची वस्तु. तिच्यांत लोहाराचें काम कोठें संपतें व लाकडाचें कोठें सुरू होतें, तो बिंदु म्हणजेच नेढें. आणि दोघांपैकीं एकाचेंही काम वाईट नसतां केवळ त्यांचा सांधा वाईट म्हणून अपघात होऊं शकतो. म्हणूनच कित्येक शेतकरी दांडा स्वतःच बसवीत. वापरणारा हात आणि बसविणारा हात एकच असला, म्हणजे जबाबदारी कोणावर ढकलतां येत नाहीं.

या दांड्यांचें लाकूड जेथून येई, त्या रानांचाही इतिहास बदलला. साल्हेरच्या पलीकडे उतरलें कीं डांग लागतो. डांगांतील जंगल इंग्रज सरकारनें १८४२ मध्यें तेथील भिल्ल राजांकडून पट्ट्यानें घेतलें, तें मुख्यतः सागासाठीं. १८४७ मध्यें मुंबई इलाख्यावर डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची जंगलाचे पहिले संरक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि १८७८ च्या कायद्यानें राखीव व संरक्षित अशीं रानें आंखली गेलीं. ज्या डोंगरकऱ्यास धामणीची कोणती फांदी दांड्याजोगी आहे हें झाड उभें असतांच कळत होतें, त्यालाच ती फांदी तोडण्याची मनाई झाली. सरकारी कुऱ्हाड मात्र चालूच राहिली. अलीकडच्या काळांत नगर जिल्ह्यांतील राळेगणसिद्धी व हिवरेबाजार या गांवांनीं आपण होऊन कुऱ्हाडबंदी स्वीकारली व उजाड टेकड्या पुन्हां हिरव्या केल्या. ती बंदी वरून लादलेली नव्हती. गांवानें ती स्वतःच्या हातावर घातली होती, म्हणून ती टिकली.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण मराठीत सर्वांच्या तोंडीं आहे. लोखंड एकटें झाडाचें कांहीं करूं शकत नाहीं. झाडाचाच एक तुकडा त्याला सामील होतो, तेव्हां झाड पडतें, हा तिचा अर्थ. म्हणींतला दांडा घरभेद्या ठरला आहे. परंतु जोर्व्याच्या चपट्या तांब्यापासून विदर्भांतील लोखंडी कड्यांपर्यंत आणि तेथून आजच्या पाचरीपर्यंत जी वाट दिसते, ती दांड्याची दुसरी बाजू सांगते. तीन हजार वर्षें मनुष्य एकाच प्रश्नाशीं झुंजत आला: कठीण लोखंड आणि जिवंत रानांतलें लाकूड यांस असें एकत्र कसें आणावें, कीं घाव जेथें घालावयाचा तेथेंच पडेल आणि जवळ उभा असलेला मनुष्य निर्धास्त राहील? दांडा गोतास काळ व्हावा कीं न व्हावा, हें कुऱ्हाड उचलणाऱ्यानें ठरवावयाचें आहे. तो शेजाऱ्यास काळ होऊं नये, एवढें मात्र दांडा बसविणाऱ्याच्या हातीं आहे. आणि त्यासाठीं लागते ती सुकलेल्या लाकडाची एक पाचर व ती ठोकणाऱ्याचा धीर.